दीर्घकालीन ताण आणि अधिवृक्क ग्रंथी : थकवा कोणता, ऱ्हास कोणता?

सकाळी उठवत नाही, दुपारी तीननंतर अंग गळून जाते, रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही, खारट-गोड खाण्याची इच्छा अनावर होते, पाळी पुढे पुढे जाते आणि रक्ताचे सर्व अहवाल 'नॉर्मल' येतात, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. पूर्वी असा रुग्ण अशक्तपणा आहे, काही शक्तीचे औषध द्या, एवढेच म्हणत असे. आता तो निदान स्वतःच करून येतो. माझ्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी थकल्या आहेत, असे तो सांगतो आणि कोठूनतरी मागवलेल्या कॅप्सूलची बाटली टेबलावर ठेवतो. औषधांच्या दुकानांतही 'अ‍ॅड्रेनल सपोर्ट' या नावाच्या वस्तूंची विचारणा होऊ लागली आहे आणि आपल्याच अश्वगंधेला व ज्येष्ठमधाला या नव्या नावाची वेष्टने चढत आहेत.

या शब्दामागे नेमके काय आहे आणि काय नाही, हे वैद्य आणि औषधविक्रेता या दोघांनाही माहीत असणे आम्हास आवश्यक वाटते. या एका सैल शब्दाच्या आड सर्वत्र आढळणारा, बहुधा साध्य असा विकार जसा दडतो, तसाच क्वचित आढळणारा परंतु प्राणघातक विकारही दडतो. दोहोंची चिकित्सा भिन्न आहे आणि दुसऱ्या प्रकारात आपली नेहमीची चिकित्सा रुग्णाला अपायकारक ठरू शकते.

ग्रंथी आणि तिची शिस्त

प्रत्येक वृक्काच्या शिरोभागी टोपीप्रमाणे बसलेली ही ग्रंथी जेमतेम चार ते पाच ग्रॅम वजनाची असते. तिच्या मध्यकातून अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. बाह्यकाचे तीन थर असून बाहेरचा थर शरीरातील मीठ व पाणी सांभाळणारे आल्डोस्टेरॉन, मधला थर कॉर्टिसॉल आणि आतील थर पौरुषजनक संप्रेरके तयार करतो. एवढे आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमातच शिकलेले आहे. विस्मरणात जाते ते हे, की कॉर्टिसॉलच्या बाबतीत ही ग्रंथी स्वतः काही ठरवत नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला सूचना देतो, पियूषिका एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्याच्या आज्ञेने अधिवृक्क कॉर्टिसॉल स्रवते. रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदू आज्ञा थांबवतो. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. टाकी भरली की तो वर येऊन नळ बंद करतो. तशीच ही योजना आहे. हा गोळा वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

या स्रावाला काळाचे बंधनही आहे. पहाटे तो वाढू लागतो, जाग येण्याच्या सुमारास परमोच्च होतो, दिवसभर उतरत जातो आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतो. या शिखराची ब्राह्ममुहूर्ताशी सांगड घालण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. तो आवरावा, असे आमचे मत आहे. दिनचर्येचे महत्त्व सिद्ध होण्यासाठी कॉर्टिसॉलच्या साक्षीची आवश्यकता नाही. मात्र त्यातून एक व्यवहार्य बोध निश्चित निघतो. कॉर्टिसॉलची तपासणी कोणत्या वेळी केली, हे ठाऊक नसेल तर अहवालातील आकड्याला अर्थ नसतो. दुपारी चार वाजता रक्त देऊन 'कॉर्टिसॉल कमी आले' म्हणून घाबरलेले रुग्ण आमच्याकडे आले आहेत. दुपारी ते सकाळपेक्षा कमी असणे स्वाभाविकच आहे.

थकव्याची कल्पना आली कोठून?

१९३६ साली हान्स सेल्ये यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, अतिश्रम, इजा, विषारी द्रव्ये असा कोणताही उपद्रव दिला तरी शरीर एकाच प्रकारे प्रतिसाद देते, असे त्यांना आढळले होते. पुढे त्यांनी या प्रतिसादाच्या तीन अवस्था मांडल्या : प्रथम सावधतेची, नंतर प्रतिकाराची आणि शेवटी बलक्षयाची. या तिसऱ्या अवस्थेवरच पुढील सर्व गैरसमजाची इमारत उभी आहे. वास्तविक सेल्ये यांच्या उंदरांमध्ये अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या होत्या. आकसली होती ती थायमस ग्रंथी, आणि जठरात व्रण पडले होते. ताणाने अधिवृक्क सुकून जाते, असे त्या प्रयोगांत मुळी दिसलेच नव्हते.

१९९८ साली अमेरिकेतील निसर्गोपचारक जेम्स विल्सन यांनी 'अ‍ॅड्रेनल फटीग' हा शब्द रूढ केला. सतत ताण घेऊन ग्रंथी दमतात आणि कॉर्टिसॉल पुरेसे देऊ शकत नाहीत, असा त्याचा आशय आहे. कल्पना सुटसुटीत आहे आणि रुग्णाला पटते, कारण त्याच्या थकव्याला एक पत्ता मिळतो. परंतु २०१६ मध्ये ब्राझीलमधील कॅडेजियानी व केटर या दोन संशोधकांनी या विषयावरील ५८ अभ्यासांची छाननी केली आणि असा विकार अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. अंतःस्रावशास्त्राच्या तज्ज्ञ संस्थाही या निदानास मान्यता देत नाहीत. याच कल्पनेला जोडून, ताणात कच्चा माल सगळा कॉर्टिसॉलकडे वळवला जातो म्हणून स्त्री-पुरुष संप्रेरके कमी होतात, असेही सांगितले जाते. बाह्यकातील प्रत्येक थर आपले संप्रेरक आपल्याच पेशींत तयार करतो. एका थराने दुसऱ्याचे साहित्य पळवण्याची तेथे सोय नाही.

रुग्णाचा थकवा खोटा आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. थकवा खरा आहे, त्याला दिलेला पत्ता चुकीचा आहे.

ताणाने खरोखर काय बिघडते?

बिघडते ते नियमन, ग्रंथी नव्हे. दीर्घकाळ चिंता, अपुरी झोप आणि अनियमित भोजन असणाऱ्या व्यक्तींत कॉर्टिसॉलचा दैनिक उतार अनेकदा सपाट होतो. रात्री जेथे ते अत्यल्प असावयास हवे तेथे ते रेंगाळते आणि निद्रा विस्कटते. अपुऱ्या निद्रेने दुसऱ्या दिवशी भूक व गोडाची ओढ वाढते, यकृत अधिक साखर रक्तात सोडते, इन्सुलिनचे कार्य मंदावते आणि पोटावर मेद साठतो. या संचित भारासाठी ब्रूस मॅकएवन व एलियट स्टेलर यांनी १९९३ साली 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' ही संज्ञा मांडली. जुळवून घेण्याची किंमत शरीर हप्त्याहप्त्याने कशी फेडते, याचे ते वर्णन आहे आणि आमच्या मते थकलेल्या ग्रंथीपेक्षा ते सत्याच्या अधिक जवळ आहे.

प्रजनन संस्थेवरील परिणाम वैद्यांना विशेष उपयोगी आहे. ताण, अतिव्यायाम आणि अल्पाहार एकत्र आले की हायपोथॅलॅमस बीजकोशांकडे जाणारी मूळ सूचनाच मंद करतो. पाळी लांबते, कधी थांबते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याच्या पेठांत राहणाऱ्या, एक वेळच्या डब्यावर दिवस काढणाऱ्या मुलींत हे चित्र आम्ही वारंवार पाहतो. सोनोग्राफीत काही विशेष नसते. अशा मुलीला आर्तवजननासाठी उष्ण-तीक्ष्ण द्रव्ये देऊन पाळी आणण्याची घाई करणे आम्हास योग्य वाटत नाही. दोन वेळचे पोटभर जेवण, चमचाभर तूप आणि रात्री अकराच्या आत झोप एवढ्यावर तिचे चक्र बऱ्याचदा पूर्ववत होते. अर्थात गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांची तपासणी आधी करून घ्यावी. पुरुषांतही दीर्घ ताणात टेस्टोस्टेरॉन उतरते, परंतु ते तक्रार सांगतात ती बहुधा झोपेची किंवा पित्ताची. मूळ गोष्ट विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

आयुर्वेदाने या विकाराचे मूळ पूर्वीच ओळखले आहे, हे सांगताना नेमके काय ओळखले आहे तेही सांगावयास हवे. चरकाच्या निदानस्थानातील सहाव्या अध्यायात शोषाची चार कारणे दिली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. त्यांतील क्षयाचे विवरण करताना शोक, चिंता, भय, क्रोध यांनी हृदयस्थ रस कसा क्षीण होतो, हे आचार्य सांगतात. विमानस्थानातील स्रोतोविमान अध्यायात रसवह स्रोतसाच्या दुष्टीच्या हेतूंमध्ये गुरू, शीत, अतिस्निग्ध व अतिमात्र आहारासोबत अतिचिंतनही गणले आहे. आजच्या नोकरदाराची दिनचर्या या दोन अध्यायांपुढे ठेवून पाहावी. आवेग दाबून धरणारी बैठक, बळापलीकडचे काम, रात्री दहाचे जेवण आणि अखंड चिंता. चारही कारणे एकाच दिवसात हजर असतात. रसाचे पोषण खुंटले की पुढील धातूंना आणि उपधातू असलेल्या आर्तवाला काय मिळणार? सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायातील ओजक्षयाची लक्षणे, म्हणजे भय, दौर्बल्य, सततची चिंता, इंद्रियांची व्यथा, कांतिनाश, रुक्षता व कृशता, या रुग्णांत अंशाअंशाने दिसतातच.

येथेच थांबावे. ओज म्हणजे कॉर्टिसॉल किंवा ओज म्हणजे अधिवृक्काचा स्राव, असे समीकरण मांडणारे निबंध आपल्या परिषदांत वाचले जातात. कॉर्टिसॉल वाढलेल्या कुशिंगच्या रुग्णाला आपण ओजाने समृद्ध म्हणणार आहोत काय? दोन शास्त्रांची परिभाषा शेजारी ठेवता येते, एकमेकींवर चिकटवता येत नाही.

खरा ऱ्हास

अधिवृक्क खरोखर निकामी होते तेव्हा काय घडते, याचे वर्णन लंडनमधील गाइज रुग्णालयाचे टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली केले. त्या काळी याचे प्रमुख कारण राजयक्ष्मा हे होते. पाश्चात्त्य देशांत आज ते प्रतिकारशक्तीच्या बिघाडाकडे गेले आहे, आपल्याकडे मात्र क्षयरोगाला अद्याप विसरता येत नाही. अशा रुग्णाला थकवा तर असतोच, परंतु त्याच्या जोडीला वजन सतत घटते, रक्तदाब कमी राहतो, उभे राहताच अंधारी येते, मळमळ व उलट्या होतात आणि मीठ खाण्याची विलक्षण इच्छा होते. सर्वांत बोलके लक्षण त्वचेवर असते. तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, जुने व्रण, हिरड्या आणि गालांची आतील बाजू काळपट पडते. उन्हाने माणूस काळवंडतो, परंतु ऊन हिरड्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून थकव्याच्या प्रत्येक रुग्णाचे तोंड उघडून पाहावे आणि रक्तदाब झोपवून व उभे करून असा दोन वेळा मोजावा. यास दोन मिनिटे लागतात.

असा रुग्ण पांडू, ग्रहणी किंवा धातुक्षय समजून महिनोन्महिने औषध घेत राहू शकतो. आणखी एक धोका आपल्या पथ्यात आहे. त्वग्विकार व शोथात आपण लवण वर्ज्य सांगतो. काळवंडलेल्या त्वचेकडे त्वग्विकार म्हणून पाहिले आणि मीठ बंद केले, तर ज्याच्या शरीरातून मीठ आधीच वाहून जात आहे अशा या रुग्णाची स्थिती झपाट्याने ढासळते. क्षयाची औषधे चालू असलेल्या रुग्णांतही सावध राहावे. रिफाम्पिसिन कॉर्टिसॉलचे विघटन वेगाने करते आणि काठावरच्या ग्रंथीला उघडे पाडते.

बाहेरून ओतलेले पाणी

अ‍ॅडिसनचा विकार विरळा आहे. याउलट ज्या कारणाने अधिवृक्क निद्रिस्त झालेला रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाकडे येतो, ते कारण म्हणजे स्टेरॉइडचे औषध. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातसदृश संधिविकाराच्या रुग्णास प्रथम कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. केंडल, हेंच व राइश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाने असंख्य प्राण वाचले आहेत, हे मोकळेपणाने मान्य करावे. प्रश्न ते कसे थांबवायचे हा आहे.

आता टाकीतील गोळा आठवावा. बाहेरून बादल्यांनी पाणी ओतत राहिले तर गोळा वरच राहतो, नळ बंदच राहतो आणि महिन्यांनी तो गंजतो. निरोगी शरीर दिवसाकाठी सुमारे १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करते. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी साधारण २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोनइतके काम करते, तर डेक्सामेथासोनचे तेवढ्याच कामास पाऊण मिलिग्रॅम पुरते. शरीराच्या गरजेहून अधिक मात्रा तीन-चार आठवड्यांपलीकडे गेली की मेंदूची आज्ञा मंदावू लागते. औषध अचानक थांबले की टाकी रिकामी आणि नळ बंद, अशी अवस्था होते. नळ पुन्हा सुरळीत वाहू लागण्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

हा प्रकार आपल्याशी थेट निगडित आहे, कारण रुग्ण आधुनिक औषध सोडतो तो बहुधा आपल्या दारात येतानाच. संधिवातासाठी दोन वर्षे प्रेडनिसोलोन घेणाऱ्या एका भगिनी नातेवाइकांच्या सल्ल्याने सर्व गोळ्या एकदम बंद करून, आता शुद्ध आयुर्वेदच करायचा, असा निश्चय करून आमच्याकडे आल्या. बंद करून आठवा दिवस होता. उलट्या, पोटदुखी, सर्वांगवेदना, रक्तदाब ८०च्या घरात. सोबतच्या मंडळींना हे आमाचे पचन किंवा औषध सोडल्यावरचे शोधन वाटत होते. शिरेतून सलाइन सुरू करून आम्ही त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठवले, सोबत चिठ्ठीवर स्टेरॉइडचा पूर्ण इतिहास लिहून दिला. तेथे हायड्रोकॉर्टिझोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मिळाले आणि संध्याकाळपर्यंत त्या उठून बसल्या. त्यांचे प्रेडनिसोलोन पुढे संबंधित तज्ज्ञांनी अकरा महिन्यांत उतरवले. त्याच काळात आमची चिकित्साही चालू होती.

या अवस्थेत त्वचा काळवंडत नाही, कारण एसीटीएच वाढलेले नसते. म्हणून ती अधिक फसवी असते. स्टेरॉइड गोळीतूनच जाते असेही नव्हे. सांध्यात वारंवार घेतलेली इंजेक्शने, दम्याचे अधिक मात्रेचे फवारे, आणि गजकर्णावर महिनोन्महिने चोळलेली क्लोबेटासोलसारखी मलमे यांनीही नळ बंद पडू शकतो. रुग्ण मलमाला औषध समजत नाही, म्हणून तो सांगत नाही. विचारावे लागते, आणि नाव आठवत नसेल तर ट्यूब घेऊन यावयास सांगावे लागते.

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांसाठी एक सूचना आग्रहपूर्वक करावीशी वाटते. गेल्या वर्षभरात दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णास वमन, विरेचन किंवा प्रदीर्घ लंघन देण्यापूर्वी सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल तपासून घ्यावे. गोळी चालू असेल तर ती आदल्या दिवसापासून किती वेळ लांबवायची हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय व अमेरिकन तज्ज्ञांच्या संयुक्त मार्गदर्शनानुसार हे मूल्य दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक असल्यास यंत्रणा पूर्ववत झाली असे समजतात, ५ हून कमी असल्यास स्टेरॉइड चालूच ठेवतात, आणि मधल्या मूल्यास पुन्हा तपासतात. निरोगी माणसाचे शरीर विरेचनाचे वीस वेग सोसते, कारण त्याची अधिवृक्क त्या दिवशी जादा कॉर्टिसॉल पुरवते. ज्याची पुरवू शकत नाही, त्याच्या बाबतीत बल पाहून शोधन करावे हा आपलाच नियम लागू होतो. अशा रुग्णास ज्वर आला वा शस्त्रकर्म ठरले तर स्टेरॉइडची मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, हेही त्याच्या घरच्यांस माहीत असावे.

दुकानातील पुडी

आता एक अप्रिय विषय. 'दम्याची', 'सांध्यांची', 'वजन वाढवण्याची' म्हणून पुडीतून विकल्या जाणाऱ्या बिननावी चूर्णांत डेक्सामेथासोन वा प्रेडनिसोलोन मिसळलेले असण्याचे प्रकार घडतात, हे आपणांपैकी कोणास नवीन नाही. ओळख कठीण नसते. वर्षानुवर्षांची संधिवेदना दोन दिवसांत नाहीशी करणारे वानस्पतिक चूर्ण आम्हास तरी ठाऊक नाही. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, मानेमागे मेद येतो, पोटावर जांभळ्या रेषा उमटतात, साखर व रक्तदाब वाढतो आणि पुडी चुकली की रुग्ण अंथरूण धरतो. चेहरा असा वाढीव स्टेरॉइडचा आणि सकाळचे कॉर्टिसॉल मात्र अत्यल्प, असा विरोधाभास दिसला तर डेक्सामेथासोन वा बीटामेथासोन बाहेरून जात आहे असे समजावे. ही द्रव्ये कॉर्टिसॉलच्या तपासणीत सहसा मोजली जात नाहीत. आणि लबाडी उघडकीस आल्यावरही पुडी एका दिवसात बंद करावयाची नसते. ती बंद करून रुग्णाला योग्य मात्रेतील स्टेरॉइडवर आणून मगच उतरवावे लागते, आणि ते तज्ज्ञांच्या हाती सोपवावे.

परदेशी वेष्टनातील माल निर्दोष असतो, या भ्रमातही दुकानदारांनी राहू नये. 'मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज' या नियतकालिकात २०१८ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १२ 'अ‍ॅड्रेनल सपोर्ट' उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचे संप्रेरक आढळले आणि बहुतेकांत किमान एक स्टेरॉइड संप्रेरक आढळले. वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. ज्या औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये आणि कालमर्यादा छापलेली नाही, ते कितीही नफा देत असले तरी फळीवर ठेवू नये. पुडीने बिघडलेला रुग्ण शेवटी 'आयुर्वेदाने त्रास झाला' असेच सांगतो, आणि त्याची भरपाई आपण सर्वजण करतो.

द्रव्यांविषयी थोडेसे

ताणाने थकलेल्या, परंतु अधिवृक्क शाबूत असलेल्या रुग्णासाठी अश्वगंधा उपयुक्त आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. २०१२ साली 'इंडियन जर्नल ऑफ सायकोलॉजिकल मेडिसिन'मध्ये ६४ व्यक्तींवरील ६० दिवसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा घेणाऱ्यांत ताण कमी झाला आणि रक्तातील कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. अभ्यास लहान आहे आणि अर्काचा आहे, चूर्णाचा नाही. निष्कर्ष वापरताना हे विसरू नये. शिवाय यातील विसंगती पाहावी : जे द्रव्य कॉर्टिसॉल उतरवते तेच 'थकलेल्या अ‍ॅड्रेनलला चालना देणारे' म्हणून विकले जात आहे. थायरॉइडचा अतिस्राव असणाऱ्यांस अश्वगंधा टाळावी. यकृतविकाराच्या तुरळक नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत. कावीळ होऊन गेलेल्या रुग्णात त्यामुळे सावधगिरी बरी. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्यास सांगितले आहे. औषधी अंग मूळ आहे आणि खरेदी करताना दुकानदाराने तेच मागावे.

ज्येष्ठमधाची कथा अधिक उद्बोधक आहे. १९४६ साली नेदरलँड्समधील रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांना जठरव्रणासाठी ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क दिलेल्या काही रुग्णांत शोथ आढळला. कारण पुढे कळले. वृक्कांत कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारे एक विकर असते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन त्या विकराला अडवते आणि कॉर्टिसॉल आल्डोस्टेरॉनचे काम करू लागते. मीठ साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो. युरोपीय संघाच्या शास्त्रीय समितीने २००३ साली दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही नियमित सेवनाची मर्यादा सुचवली. दोन-तीन ग्रॅम चूर्णात ती सहज गाठली जाते. चरकाने मेध्य रसायनांत यष्टीमधुचूर्ण दुधासह सांगितले आहे आणि ते श्रेष्ठच आहे, परंतु उच्च रक्तदाबाचा, हृदयविकाराचा वा मूत्रल गोळ्या घेणारा रुग्ण असेल तर त्याच गटातील मंडूकपर्णी, गुडूची वा शंखपुष्पी निवडावी. आचार्यांनी चार पर्याय दिले आहेत, त्यांचा उपयोग करावा.

औषधाहून अधिक काम निद्रेने होते, असा आमचा अनुभव आहे. चाकण-रांजणगाव पट्ट्यातील पाळीत काम करणाऱ्या कामगारांस लवकर झोपण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. वाग्भटांनी रात्रीच्या जागरणानंतर जागलेल्या वेळेच्या निम्मा काळ, सकाळी अन्न न घेता झोपावे असे सांगितले आहे. तिसऱ्या पाळीहून आलेल्या माणसाने मिसळ-पाव खाऊन झोपण्याऐवजी आधी झोपावे आणि उठून जेवावे, एवढा बदल केला तरी त्याचा अम्लपित्ताचा त्रास व चिडचिड दोन-तीन आठवड्यांत कमी होते. रात्री झोपणाऱ्यांस पादाभ्यंग सांगावा. काशाची वाटी आणि चमचाभर तूप घराघरांत असते. म्हशीचे दूध ज्याला पचते त्यास रात्री द्यावे. शिरोधारा उत्तम, परंतु ती सात दिवस करून पुन्हा रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहणाऱ्यास तिचा लाभ टिकत नाही, आणि हे त्यास पैसे घेण्यापूर्वी सांगावे.

आमच्या चिकित्सालयातील केसपेपरवर नाव, वय, प्रकृती यांच्याखाली आम्ही एक ओळ छापून घेतली आहे : 'गेल्या बारा महिन्यांत स्टेरॉइडची गोळी, इंजेक्शन, फवारा, मलम किंवा बिननावी पुडी घेतली आहे काय? शेवटची मात्रा केव्हा?' उत्तर 'होय' असेल तर त्या कागदाच्या कोपऱ्यावर लाल खूण होते, आणि आमच्या औषधालयातील सहकारी खूण असलेल्या कागदावर विरेचनाचे औषध आम्हास विचारल्यावाचून देत नाही.